बारीक अक्षरांतलं नाव

शेवटच्या भेटीत आत्या माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिने फक्त एक बोट वर केलं. मला वाटलं, पंखा बंद करायला सांगते आहे, पण पंखा बंदच होता. मग वाटलं, वर... म्हणजे देवाकडे... आणि मी घाबरले. तिने वैतागून डोळे मिटले आणि पुन्हा बोट वर केलं, तेव्हा कळलं की ते सलाईनच्या बाटलीकडे आहे. मी उठून बाटलीवरचं मोठं नाव वाचलं. तिने मान हलवली. नाही. मग मी खालची बारीक अक्षरं वाचली, एक्सपायरीची तारीख वाचली. आता तिचा चेहरा सैल झाला. वर्गात धडा वाचून दाखवल्यासारखी मी खाली बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा, म्हणजे तिच्या मुलाचा फोन आला. तो इतकंच म्हणाला, "आई गेली गं." मी त्याला विचारलं, "कशाने?" फोनवर अशा वेळी हे कोणी विचारत नाही, हे मला नंतर सुचलं. न्यूमोनिया झालेला होताच, कारण माहीत होतं. तरी विचारलं. मी सहसा कोणाला काही विचारत नाही. तो प्रश्न माझा नव्हताच, असं आता वाटतं.

नलूआत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. महाल भागातल्या एका मराठी शाळेत तिने आयुष्यभर भूगोल शिकवला. तिथेच एका अरुंद गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर तिचं दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघराला एकच खिडकी, आणि ती शेजारच्या भिंतीसमोर उघडणारी. सकाळी थोडा वेळ त्या भिंतीवरून परतलेलं ऊन आत यायचं. त्या उजेडात आत्या गोळ्यांची पाकिटं धरून वाचायची. मी इंग्रजी शाळेतली, मराठी लिहिताना अजून अडखळते. कोणी घरी आलं की मी पडद्यामागे जायची. आत्या मला मौनीबाबा म्हणायची. पण पाकिटावरची अक्षरं तिला दिसेनाशी झाली तेव्हा तिने मलाच हाक मारली. "ये वं, मौनीबाबा. तुले इंग्रजी शाळेत काहून घातलं? हे वाचाले." मी मोठं नाव वाचलं की ती म्हणायची, "ते कंपनीचं. खालचं वाच. नकाशात राज्याचं नाव मोठं असते, गावाचं बारीक. माणूस कुठे राहते? बारीक अक्षरात." औषधाचं खरं नाव ते खालचं, हे मी तिच्याकडून शिकले. शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

त्या घरात गोळी घेण्याची एक रीत होती. गोळी तळहातावर घ्यायची, खिडकीकडे धरायची. आत्या समोरच्या खुर्चीत बसून विचारायची, "कोण? कशाले? कधीपर्यंत?" गोळीचं बारीक नाव सांगायचं, ती कशासाठी आहे ते सांगायचं, किती दिवस घ्यायची आणि केव्हापर्यंत चांगली आहे ते सांगायचं. उत्तरं आली तरच पाणी मिळायचं. पाहुण्यांनाही सुटका नव्हती. डोकं दुखतं म्हणून गोळी मागणारे माझे बाबा म्हणायचे, "ताई, डोकं दुखायचं थांबलं आता, राहू दे." काका, म्हणजे आत्याचे यजमान, बुटीबोरीच्या कापड गिरणीत होते. मागांच्या आवाजाने त्यांचे कान गेलेले. आम्ही ओरडून बोललो तरी ते "आं?" करायचे. आत्या मात्र त्यांच्याशी हळू बोलायची, अगदी हळू, आणि त्यांना सगळं ऐकू यायचं. लहानपणी मला ते जादूसारखं वाटे. मोठेपणी वाटलं, ओठ वाचत असतील. आता काय वाटतं ते मला नीट सांगता येत नाही.

आत्या डॉक्टरांच्या विरोधात होती असं कोणी समजू नये. उलट कोणी मनाने गोळी बंद केली की ती संतापायची. "मी डॉक्टर नाही अन् तूही नाही. आपण विचाराचं, उत्तर त्यांनी द्याचं." डॉक्टरकडे जाताना ती श्रीखंडाचा एक जुना प्लास्टिकचा डबा न्यायची. घरातली चालू असलेली सगळी औषधं त्यात. डॉक्टरांच्या टेबलावर तो डबा उपडा करायचा आणि मग खुर्चीत बसायचं. चूर्ण, काढा, मालिशचं तेल, सगळं त्या ढिगात असायचं. "हेही पोटात जाते न जी," असं ती डॉक्टरांना सांगायची.

एकदा मी तिच्यासोबत जवळच्या मंगल कार्यालयात गेले होते. तिथे मोफत तपासणी होती. टाय लावलेला एक मुलगा माणसांच्या हातात एक दांडी द्यायचा आणि त्याच्या लॅपटॉपवर शरीरातले सगळे आजार उमटायचे. मग त्या आजारांवरची पावडर बाजूच्या टेबलावर विकत मिळायची. आत्याचा नंबर आला. तिने पिशवीतून एक संत्रं काढलं आणि बाटलीतलं पाणी लावून ओलं केलं.

"आधी याची करा."

"मॅडम, हे संत्रं आहे."

"काटोलचं आहे. तब्येत पहा त्याची."

लोक हसायला लागले. मुलाने चिडून दांडी संत्र्याला टेकवली. जरा वेळाने लॅपटॉपवर आलं, गुडघ्यांची झीज, यकृताला सूज, झोप कमी. "बिचारं," आत्या म्हणाली, "झोपते कुठे, पिशवीत सारखं हलून राहिलं." मुलगा कसनुसा म्हणाला, "मशीनला एवढं समजत नाही, मॅडम." "मग माह्या तब्येतीचं त्याले काय समजते?" तिने ते संत्रं सोललं आणि अर्धं त्याच्याच हातात दिलं. "घे बेटा. गुडघे काढून खा." मी लाजेने भिंतीला चिकटले होते. बाहेर आल्यावर ती हसत नव्हती. गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाली, "त्यानं मेलेल्या माणसाच्या हाती दांडी दिली असती, तरी गुडघे दुखते म्हणालं असतं ते मशीन. मेलेला माणूस मशीनले नाही म्हणू शकत नाही, म्हणून जित्यानं म्हणाचं." तेव्हा मी विसरून गेले होते. हल्ली आठवतं.

तेरवीनंतर दादाला पुण्याला परतायचं होतं. काका घर सोडायला तयार नव्हते. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही करता येणारं, म्हणून मी राहिले. आत्या गेल्यावर काकांचं ब्लडप्रेशर वाढलं होतं, तेव्हा जाण्यापूर्वी दादा त्यांना एका नव्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी एक नवी गोळी लिहून दिली. दादाने ती आणून टीव्हीपाशी ठेवली. श्रीखंडाचा डबा स्वयंपाकघरातल्या फळीवरच राहिला. दादा नंतर मला म्हणाला, "आईचा डबा उचलायची हिंमत झाली नाही." मला ते कळलं. आम्ही कोणीच त्या डब्याला हात लावला नव्हता. लावत होते ते फक्त काका, रोज, जुन्या सवयीने.

पहिल्याच सकाळी मी पलंगावर पडल्या पडल्या काकांचा आवाज ऐकला. स्वयंपाकघरात ते कोणाशी तरी बोलत होते. "बीपीची," ते म्हणाले. मग थांबले. "सकाळची. रोज." पुन्हा थांबले. "हो, तारीख गेली नाही अजून." नंतर पाण्याचा ग्लास ठेवल्याचा आवाज आला. मी अंगावरचं पांघरूण घट्ट धरून बसले. मला भीती वाटली ती त्यांच्या बोलण्याची नाही. मधल्या थांबण्याची वाटली. एक प्रश्न विचारायला जितका वेळ लागतो, तितकेच ते थांबत होते... मी दारापर्यंत गेले. काका तळहात खिडकीकडे धरून बसले होते आणि समोरची खुर्ची थोडी मागे ओढलेली होती, कोणीतरी नुकतंच बसल्यासारखी. ती त्यांनीच ओढली असणार.

मी कोणाला सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात काका बदलले. पावलं सुजली, चप्पल चढेना. एकदा न्हाणीघरातून येताना भिंत धरून खालीच बसले, चेहरा पांढरा. दादा फोनवर म्हणाला, "वय झालं, आणि धक्का आहे." काटोलहून काकांचे धाकटे भाऊ संत्र्यांची पेटी घेऊन आले आणि सोबत सूज उतरवणारी एक पुडी. पुडीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. "घे न गा भाऊ, गावात सगळे घेऊन राहिले," ते आग्रह करत होते. काकांनी पुडी तळहातावर घेऊन खिडकीकडे धरली. मग म्हणाले, "हिचं नाव काय सांगू तिले?" भावाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते गेल्यावर पुडी ओट्यावर तशीच राहिली.

दुसऱ्या सकाळी मी उठून आधीच स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. काकांच्या तळहातावर दोन गोळ्या होत्या, एक डब्यातली, एक टीव्हीपाशची. ते उत्तरं देत होते. आणि मध्येच अडखळले. नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी आल्याचं त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"पोरी, ती म्हणून राहिली, एकीचंच नाव दोनदा काहून घेता?"

"कोण म्हणतंय, काका?" मी ओरडून विचारलं.

"आं?"

माझं त्यांना ऐकू आलं नाही.

मी दोन्ही पाकिटं घेतली आणि खिडकीशी गेले. मोठी नावं वेगळी होती. एकाचा रंग निळा, दुसऱ्याचा केशरी, कंपन्या वेगळ्या. खालची बारीक अक्षरं उजेडात तिरपी धरली तेव्हा दिसली. दोन्हीवर अॅम्लोडिपिन. एकच औषध, दोन नावांनी, रोज दोनदा. मोतीबिंदूमुळे काकांना मोठी नावंसुद्धा धड दिसत नाहीत, ते रंगावरून ओळखतात. मला त्या क्षणी मागे वळून खुर्चीकडे पाहावंसं वाटलं नाही. मी नाही पाहिलं.

त्या सकाळी काकांना गोळ्या न देता मी आधी त्या नव्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी लगेच घेऊन यायला सांगितल्यावर काकांना घेऊन निघाले. आत्याचा डबा छातीशी धरून मी त्यांच्या दवाखान्यात बसले होते. बाकड्यावर इतके लोक, आणि मागे जायला पडदा नाही. नाव पुकारल्यावर मी आत गेले आणि डबा टेबलावर उपडा केला. काटोलची बिननावाची पुडीही त्यात टाकली होती. डॉक्टर दचकले. मग माझ्या तोंडून जे आलं ते मी ठरवलेलं नव्हतं. "ही कोण? कशाला? कधीपर्यंत?" ते चांगले होते. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली, काकांची पावलं दाबून पाहिली, ब्लडप्रेशर घेतलं. "जुनी गोळी चालू आहे हे मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "मी विचारलं तेव्हा तुमचे पुण्याचे भाऊ म्हणाले, काही विशेष नाही. दुप्पट जात होती. बरं झालं आणलंत, एखाद दिवशी पडून डोक्याला लागलं असतं." एक गोळी त्यांनी बंद केली, कशाकशावर लक्ष ठेवायचं ते सांगितलं, पुडी बाजूला सारून म्हणाले, "यात काय आहे ते मला माहीत नाही, म्हणून घ्या असं म्हणणार नाही." काका काही ऐकत नव्हते. ते माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून मान हलवत होते, झालं बरं का, अशा अर्थाने.

पायांची सूज उतरली. चप्पल चढते. ते काटोलच्या भावाला फोनवर ओरडून सांगतात, "तुह्या पुडीले बाप ना माय." मी स्पष्टीकरणं शोधली. नवी गोळी घेताना दुकानदाराने बारीक नाव उच्चारलं असेल, काकांच्या कानावर पडलं असेल. पण त्यांच्या कानावर पडतं कुठे? की माणूस इतकी वर्षं रोज तेच प्रश्न ऐकतो, तेव्हा ते त्याच्या आत जाऊन बसतात आणि मग स्वतःच विचारू लागतात? मला हेच पटवून घ्यायचं आहे. दिवसा ते पटतंही.

एकदा जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, "सकाळी नलूबाईंचा आवाज येते वं खिडकीतून. बरं वाटते." मी म्हटलं, "काकू, तो माझा आवाज. मी विचारते आता काकांना." त्या हसल्या. "तुझा येते न, नंतर," म्हणाल्या आणि भाजीची पिशवी सावरत वर न पाहता आत गेल्या.

रोज सकाळी त्या खिडकीत भिंतीवरून परतलेलं ऊन येतं. मी डबा खाली काढते. समोरच्या खुर्चीत मी बसत नाही, ओट्याला टेकून उभी राहते. काका तळहात उजेडाकडे धरतात. मी ओठ हलवून, हळू विचारते, "कोण?" आश्चर्य म्हणजे माझं हळू विचारलेलं त्यांना हल्ली ऐकू येतं. ते नाव सांगतात, बारीक अक्षरांतलं, न चुकता. मग मी श्वास घेते, दुसरा प्रश्न विचारायला... आणि मी तोंड उघडायच्या आत काका खुर्चीकडे पाहून उत्तर देतात, "बीपीची वं, बीपीची. रोज काय विचारते."

मी मध्ये बोलत नाही. तिसऱ्या प्रश्नाची माझी पाळी येईपर्यंत थांबते, तो विचारते, आणि मग पाण्याचा ग्लास पुढे करते.