डावी पिछाडी

माझा पाय कधी एका जागी ठरला नाही. कचेरीत खुर्चीवर बसलो तरी टेबलाखाली गुडघा हलत राहायचा आणि शेजारच्या टेबलावरची दौत थरथरायची. हेडक्लार्क वैतागून म्हणायचे, "तुमचा गुडघा बांधून ठेवा हो, माझ्या कागदावर शाई सांडतीय." आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. अशा माणसाला फुटबॉलच्या मैदानावर जागा कुठली मिळावी? फुलबॅकची. म्हणजे उभं राहायची!

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. निजाम जाऊन बरीच वर्षं लोटली होती, पण आमच्या धाराशिवात कचेरीतले जुने कागद अजून उर्दूत होते आणि संध्याकाळी मैदानावर फुटबॉल होता. हैदराबादनं लावलेला हा नाद काही केल्या सुटत नव्हता. कारकून, दुकानदार, शाळामास्तर असे आम्ही दिवेलागणीपर्यंत धूळ उडवायचो आणि घरी येऊन बोलणी खायचो.

आमचे कॅप्टन पेशानं शिंपी. तरुणपणी हैदराबादला कपडे शिवायला गेले आणि तिथल्या एका टीममधून खेळून परत आले. आम्ही त्यांना मास्टर म्हणायचो. त्यांच्या दुकानात मशीनशेजारी लाकडी फळा होता. त्यावर कुणाच्या तरी शेरवानीचं काळं कापड पसरायचं आणि खुणेच्या खडूनं त्यावरच आमची मांडणी काढायची, ही त्यांची रीत. गिऱ्हाईक आलं की सगळा खेळ ब्रशनं झटकून टाकायचा.

मी सुरुवातीला पुढं खेळायचो. बॉल जिकडं, तिकडं मी. मास्टरनी काही दिवस बघितलं आणि एकदा मला धरलं. "तू बॉल के पीछे ऐसा भागता, जैसे घर की मुर्गी छूट गई. इदर आ. ये तेरी जगा. खडे रह. हिल नक्को."

खडूची ती खूण गोलच्या जवळ, डाव्या अंगाला होती. माझं तोंड उतरलं.

"बॉल नक्को देख," मास्टर म्हणाले, "आदमी देख." समोरच्या टीमचा उजव्या टोकाचा गडी माझा. तो आला की त्याच्या अंगावर धावून जायचं नाही. त्याच्या आणि गोलच्या मधे उभं राहायचं आणि त्याला रेषेकडं, रेषेकडं रेटत न्यायचं. आपला उजवा फुलबॅक सरसावला की मी मधे सरकायचं. गोलकीपरच्या डोळ्यांपुढं आडवं यायचं नाही. आणि आपले पाच फॉरवर्ड पलीकडच्या गोलवर तुटून पडले असतील, सगळं मैदान ओरडत असेल, तरी आपण आपल्या जागी. हे शेवटचं मला विषासारखं वाटायचं. पुढं आपली माणसं मजा करतायत आणि मी रिकाम्या मैदानात एकटा, पोटऱ्या ताणून उभा! मी जागच्या जागी उड्या मारायचो, बुटाच्या टोकानं माती उकरायचो. माझ्यापुढं तेव्हा एक चांगला खड्डाच झाला होता.

त्याच दिवसांत मामानं माझ्यासाठी तेरचं एक स्थळ काढलं. मुलीचे वडील मोठे शेतकरी, बारा बैलांचे धनी, आणि बोलायला रोखठोक. आम्ही बघायला गेलो. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, पाटावर बसली, मामानं नाव, शिक्षण, स्वयंपाक असं सगळं विचारून घेतलं. मी सतरंजीचा दोरा ओढत बसलो होतो. शेवटी उगाच रीत म्हणून मामा म्हणाला, "तुला काय विचारायचं असंल तर विचार बाई."

अशा वेळी मुली मान हलवून नाही म्हणतात. ही म्हणाली, "फुटबॉल खेळतात म्हणं. त्यात नेमकं काय करतात?"

बैठकीत कुणीतरी खोकलं. मी मात्र खुललो. पुढ्यातल्या ताटलीत भाजलेल्या शेंगा होत्या. त्या फोडून मी दाणे मांडायला लागलो. हा गोलकीपर. त्याच्यापुढं हे दोन फुलबॅक. मग तीन हाफबॅक, ह्यांना दोन्हीकडची कामं, मागं मदतीला यायचं आणि पुढच्यांना बॉलही पुरवायचा. आणि हे पाच फॉरवर्ड, दोन टोकांना दोन, मधे तीन, अगदी मधला तो सेंटर फॉरवर्ड, गोल मारायचं काम मुख्यतः त्याचं. तिनं वाकून बघितलं आणि मागच्या एका दाण्यावर बोट ठेवलं.

"ह्यो कोण?"

"तो मी."

"समदे पुढं गेल्यावर ह्यो एकटाच राहतो?"

"एकटाच."

ती हसली नाही. "मग अवघड हाय की," एवढं म्हणून बशा उचलून आत गेली. फुलबॅकचं काम अवघड आहे असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. परतीच्या एस.टी.त मी मामाला सांगून टाकलं, करीन तर हिच्याशीच. मामा म्हणाला, "आरं, त्यांनी व्हय म्हणू दे की आधी."

तेच तर होतं. तिचे वडील म्हणाले होते, पोरगा चार लोकांत कसा वागतो ते एकदा येऊन बघतो, मग बोलू. आणि त्यांनी दिवस निवडला तो नेमका आमच्या मॅचचा. सोलापूरहून टीम येणार होती, सगळं गाव लोटणार होतं. मी खूश झालो. मास्टरना जाऊन म्हणालो, एवढा एक दिवस मला पुढं खेळवा. त्यांनी तोंडातली टाचणी काढली, कापडात खोचली आणि म्हणाले, "नक्को." दुसरा शब्द नाही.

त्या वर्षी नव्या राज्याचा उत्साह सगळ्यांच्या अंगात आला होता. हायस्कुलात मराठी शिकवणारे एक गुरुजी होते, त्यांच्या तर फारच. खेळात एकही इंग्रजी किंवा उर्दू शब्द नको, अशी त्यांनी प्रतिज्ञा केली होती आणि मॅचच्या दिवशी लाउडस्पीकर त्यांच्या हातात पडला. कॉर्नरला ते कोपरफटका म्हणाले, पेनल्टीला दंडफटका. लोक हसत होते, गुरुजी हटत नव्हते. हाफबॅक म्हणजे मधली फळी, फॉरवर्ड म्हणजे आघाडी. आणि फुलबॅक म्हणजे पिछाडी.

आता पिछाडी हा शब्द आमच्याकडं कुणाला ठाऊक नाही? घोड्याचे मागचे पाय बांधतात तो दोर पिछाडी. आणि जो कामात, शाळेत, संसारात मागं पडला तो पिछाडीवर. तिचे वडील पहिल्या रांगेत खुर्चीवर फेटा बांधून बसले होते आणि कर्ण्यातून आवाज घुमत होता, "डाव्या पिछाडीवर आपले तहसील कचेरीतले कारकून उभे आहेत." थोड्या वेळानं पुन्हा, "आपले कारकून अजून पिछाडीवरच आहेत." मला वाटलं जाऊन ती तार तोडून टाकावी.

त्यात बॉल माझ्याकडं येईना. सुरुवातीला त्यांचा उजव्या टोकाचा गडी एक-दोनदा आला, मी त्याला रेषेबाहेर घालवला, मग त्यांनी ती बाजूच सोडून दिली. सगळी धुमश्चक्री पलीकडं. माझे पाय नुसते शिवशिवत होते. पळावं, मधे घुसावं, एक तरी लाथ अशी मारावी की त्या फेट्यानं वळून बघावं! मी पावलं टाकलीसुद्धा, आणि मास्टरांचा आवाज आला, "ए! जगा पे!" मी परत आलो. दात खात उभा राहिलो. शेवटाकडं आमच्या सेंटर फॉरवर्डनं, बांधकाम खात्यातल्या ओव्हरसियरनं, मधून मुसंडी मारून गोल घातला. टोप्या उडाल्या. माझा तो चांगला दोस्त, त्याला खांद्यावर घेऊन नाचवणाऱ्यांत मीही होतो.

गर्दीतून बघितलं तर तिचे वडील मास्टरांशी बोलत होते. माझ्याबद्दलच विचारत असणार. मी कान टवकारून जवळ सरकलो. मास्टर मनापासून माझी तारीफ करत होते. फुलबॅकबद्दल त्यांच्या लेखी याहून मोठी तारीफ नव्हती. ते म्हणत होते, "बहोत पक्का लडका है पाटीलसाब. कुछ भी होने दो, हिलताच नहीं."

पाटलांनी मान डोलावली. कशी डोलावली ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते कचेरीतली दौत सांगू शकली असती. तेरची एस.टी. आली की मी स्टँडवर. चहा घेतला की पुन्हा स्टँडवर. निरोप नाही. आईनं देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले होते. शेवटी एका रविवारी सकाळी मामा आला आणि चपला न काढताच ओसरीवर बसला.

"न्हाय म्हणाले."

"का?"

"म्हणाले, पोरगं सालस हाय, नोकरी हाय, समदं खरं. पण आळशी हाय. आख्खा गाव पळत हुता, तुमचा भाचा एका जागी उभा. त्यांचा शिंपीच म्हणाला, हलतच न्हाय म्हणून. आन् सरकारी मास्तर भोंग्यावरून सांगत हुता, पिछाडीवर हाय, पिछाडीवर हाय. आता एवढं चारचौघांत सांगितल्यावर पोरगी कशी द्यावी?"

मी आळशी! आई कपाळाला हात लावून बसली, मामा अजून काही समजूत घालत होता, पण मला ऐकूच येईना. रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्हीपेक्षा राग जास्त येत होता. आहे त्या कपड्यांत उठलो आणि स्टँड गाठला. मामा मागून ओरडत होता, असं मुलीच्या दारात एकट्यानं जात नसतात. मला ठाऊक होतं. एस.टी.त बसायला जागा होती तरी मी तेरपर्यंत दांडा धरून उभाच राहिलो. काय बोलायचं ते मनात घोळवत होतो. पाटील, फुलबॅक म्हणजे काय ते आधी समजून घ्या. नाही, आधी नमस्कार. मग शब्दाचा अर्थ. मग हिलताच नहीं याचा अर्थ.

पाटलांच्या दारात पोचलो आणि सगळं विसरलो. बाहेर अनोळखी जोडे होते. बैठकीत सतरंजी अंथरलेली, तीच, आणि तिच्यावर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आमचा सेंटर फॉरवर्ड बसला होता. शेजारी त्याचे काका. समोर पाटावर ती.

गोल मारणाऱ्याचं घर पाटलांनी मॅचच्या दिवशीच विचारून घेतलं होतं.

मला बघून दोस्ताचा चेहरा उजळला. "अरे, तू कसा इथं?" त्याला काही माहीत नव्हतं, हे त्या एका वाक्यात कळलं. पाटील चपापले, पण दारात आलेल्याला जा कसं म्हणायचं, म्हणून नुसतेच बघत राहिले. ही आता ह्याची होणार, माझ्या डोळ्यांदेखत होणार, आणि गोल झाल्यावर लोक टाळ्या वाजवतात तशा टाळ्यासुद्धा वाजतील.

काकांनी विषय बदलायचा म्हणून तिच्याकडं बघून विचारलं, "तुला काय विचारायचंय का बाळ?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. दोस्ताकडं बघून विचारलं, "गोल तुम्ही मारला म्हणं."

"हो," तो लाजून म्हणाला.

"तुम्ही समदे पुढं गेला हुता, तवा मागं कोण हुतं?"

"मागं ना?" तो भोळेपणानं हसला आणि त्यानं सरळ माझ्याकडं बोट केलं. "हा होता की. म्हणून तर आम्ही बिनघोर पळतो. हा असल्यावर डावीकडून कुणी येतच नाही, सोलापूरचे तर त्या दिवशी..."

बोलता बोलता तो थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खाली मान घातलेल्या तिच्याकडं, आणि पुन्हा माझ्याकडं. मैदानावर तो जसा एका नजरेत सगळं ओळखायचा तसंच त्यानं ओळखलं. हळूच काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काका, उठा."

"अरे, पोहे तरी..."

"उठा म्हणतो ना."

काका पुटपुटत उठले. जाताना दोस्त माझ्याजवळ एक क्षण थबकला आणि जोडे घालून निघून गेला. त्यानंतर बरेच महिने तो माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं मला वाईट वाटणं कधी थांबलं नाही.

पाटील फेटा काढून मांडीवर घेऊन बसले होते. लेकीकडं बघत होते, जणू काही ती आत्ताच कुठून तरी आली होती. ती पाटावरून उठली नव्हती. मग त्यांनी मान वळवली.

"आन् तुमी हो," ते मला म्हणाले, "दारातच उभं राहणार का? आत या की."

मला पाऊल उचलता येईना.