माप नसलेला फोटो

"हलू नको! आहे तिथंच उभा राहा!"

अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या मागे थोडं जंगल आहे. तिथे डिसेंबरातल्या एका सकाळी माझ्यावर हा हुकूम सुटला, आणि तोही मराठीतून. मी फोनवर आईशी बोलत चाललो होतो, त्यावरून माझी भाषा कळली असावी. वळून पाहिलं तर पुरुषी ढगळ जॅकेट, खाली सलवार आणि दोन नंबर मोठे बूट घातलेल्या एक बाई माझ्या पायांकडे बघत होत्या. "तुडवून टाकलं ना सगळं! डोळे घरी ठेवून चालून राहिला का?" मी खाली पाहिलं. माझ्या बुटाखालून बर्फात उमटलेला कुठल्यातरी जनावराचा अर्धा पंजा बाहेर आला होता.

ही माझी आणि शैलामावशींची पहिली भेट. त्या खालच्या मजल्यावरच्या ऋचाच्या आई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. इथे येणारे बाकीचे आईवडील हिवाळाभर हीटरजवळ बसून मालिका बघतात. मावशी मात्र बर्फ पडायचा थांबला की बाहेर. त्यांची सगळी नोकरी पोलिसांच्या अंगुलिमुद्रा विभागात गेली होती. भिंग घेऊन बोटांचे ठसे जुळवायचे, हे काम. "तिथं बोटं होती, इथं पाय आहेत," त्या म्हणायच्या. "ठसा तो ठसाच."

पुढे मीही त्यांच्याबरोबर जायला लागलो. कंपासपेटीत असते तशी सहा इंची पट्टी त्यांच्या खिशात असायची. ठसा दिसला की शेजारी पट्टी ठेवायची, आपली सावली पडणार नाही असं उभं राहायचं, फोन ठशाच्या बरोबर वर सरळ धरायचा आणि मग फोटो. मी एकदा पट्टीशिवाय काढला तर त्यांनी माझ्या हातातून फोन घेऊन तो खोडलाच. "माप नसलेला फोटो म्हणजे थाप!"

सशाचे ठसे मी पहिल्यांदा उलटे वाचले. मोठे पंजे झुडपाच्या बाजूला आणि लहान अलीकडे बघून मी ठोकून दिलं की ससा झुडपाकडून आला. "झुडपाकडे गेला," मावशी चिडून म्हणाल्या. "उडी मारताना त्याचे मागचे पाय पुढे पडतात. घाई करशील तर आला का गेला तेसुद्धा कळणार नाही तुला." कोल्ह्याची रांग मात्र त्यांनी मला कौतुकानं दाखवली. पुढचा पाय जिथे पडला त्याच खड्ड्यात मागचा, एका ओळीत, सारख्या अंतरावर, हाताने घातलेल्या धावदोऱ्यासारखा. मुलांच्या घसरगुंडीमागून ती ओळ रोज जायची. त्या एका कोल्ह्याचे त्यांच्याकडे तारीखवार साठ-सत्तर फोटो होते.

बाई रागीट होत्या, यात शंका नाही. कुत्र्याला मोकळं सोडणाऱ्यावर चिडायच्या, न बघता प्राण्याचं नाव सांगणाऱ्यावर चिडायच्या, माझ्यावर तर दिवसातून चारदा. पण त्यांच्या रागाला कारण असायचं. एकदा त्यांच्या एका साहेबानं सांगितलं, माणूस पकडलेलाच आहे, ठसा जुळतो असं लिहून टाका. "मी म्हटलं, जुळत नाही म्हणजे जुळत नाही. पेन तुमचा असेल, सही माझी आहे." बदली झाली. दोन वर्षं पोरीला आजीकडे ठेवून त्या परगावी राहिल्या. हे सांगतानासुद्धा त्यांचा आवाज चढला होता.

आता माझं सांगतो, आणि सांगताना आजही मला स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मावशी तीन दिवस भाचीकडे गेल्या होत्या. दोन दिवस कडक ऊन पडलेलं. रविवारी घसरगुंडीमागे मला एक प्रचंड पंजा दिसला, जवळजवळ माझ्या तळहाताएवढा. पट्टी नव्हती. मी फोटो काढला आणि आमच्या मराठी ग्रुपवर टाकला: "नवीन शेजारी आलेत. तिळगूळ द्यायला कोण जातंय?" तिळगूळ बाजूलाच राहिला. कोणी बिबट्या म्हणालं, कोणी पुमा. कोणीतरी फोटो अपार्टमेंटच्या इंग्रजी ग्रुपवर ढकलला. संध्याकाळपर्यंत आयांनी मुलं आत घेतली आणि सोमवारी अपार्टमेंटच्या ऑफिसनं जनावरं पकडणारा माणूस बोलावून झुडपात पिंजरा लावला.

मंगळवारी मावशी परत आल्या त्या थेट माझ्या दारात. "कोणी काढला हा फोटो?"

"मी."

"पट्टी कुठं आहे?"

त्यांनी मला ओढतच जंगलात नेलं. "हे पाहा, नखं उमटली आहेत. मांजरजात नखं आत घेऊन चालते. आणि ऊन लागलं की कडा वितळतात, ठसा फुगतो. कोल्ह्याचा वाघ होतो." मग आपल्या फोनवर त्याच ओळीचा आधीच्या गुरुवारचा फोटो काढून दाखवला. पट्टीवर जेमतेम दोन इंच. "चल ऑफिसात. फोटो तुझा आहे, तू सांगशील तर ऐकतील."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मावशी, आत्ता मीटिंग आहे. आणि आपण पडलो व्हिसावर, कशाला उगाच भानगड? दोन दिवसांत थंड होईल सगळं."

व्हिसाचा आणि कोल्ह्याचा काय संबंध? काडीचा नाही. पण आम्हा लोकांना खोडच लागली आहे. तोंड उघडायची वेळ आली की व्हिसा पुढे करायचा. खरं कारण एवढंच होतं की ग्रुपवर माझं हसं झालं असतं.

मावशी एकट्या गेल्या. मंगळवारी गेल्या, बुधवारी गेल्या, गुरुवारी गेल्या. "धिस इज फॉक्स. आय हॅव प्रूफ," असं म्हणत फोन पुढे धरायच्या. ऑफिसातली मुलगी गोड हसून थँक यू म्हणायची. ऋचा वैतागली, "आई, प्लीज यार, लोक हसतायत." मी खिडकीतून त्यांना बर्फातून जाता-येताना बघत होतो आणि लॅपटॉपवर म्यूट दाबून बसलो होतो.

शुक्रवारी पिंजरा मिटला. आत कोल्हा होता. पकडलेलं जनावर दुसरीकडे नेऊन सोडायला इथे परवानगी नाही, म्हणून त्या माणसानं त्याला मारलं. ऑफिसची मेल आली, धोका दूर झाला आहे. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. एकानंही विचारलं नाही की पुमा कुठे गेला.

मी खाली गेलो. "मावशी, चूक झाली माझी."

"चूक कोणाकडूनही होते," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "मलाही सुरुवातीला दोन ठसे चुकले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. तू सगळं समजून चार दिवस गप्प बसून राहिला. त्याला चूक नाही म्हणत."

त्यानंतर त्यांनी मला फिरायला हाक मारली नाही. मार्चमध्ये त्या निघाल्या तेव्हा मी बॅगा उचलायला पार्किंगमध्ये गेलो. गाडीत बसण्याआधी मी वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

माझे हात तसेच डांबरावर टेकले. आमच्याकडे कितीही राग असला तरी वाकलेल्याला कोणी असं परत पाठवत नाही. मावशींनी पाठवलं.

"आधी तिकडं जाऊन सांग," ऑफिसकडे बोट करून त्या म्हणाल्या. "त्यांच्या कागदावर अजून वाघच आहे. मग पड पाया."

गाडी गेली. मी तडक ऑफिसात गेलो आणि त्याच मुलीसमोर उभा राहून सांगितलं की तो फोटो माझा, त्यात माप नव्हतं, आणि तो कोल्हाच होता, तुमची नोंद बदला. ती चांगली मुलगी होती. तिनं नोंद उघडली, लिहून घेतलं, आणि मान वर न करता विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"पिंजरा लावला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. पिंजरा शुक्रवारी मिटला होता, हे तिच्या समोरच लिहिलेलं होतं.