दत्ताभाऊंच्या कूलरचा आवाज

मित्रांनो, कम्प्युटरचा प्रोसेसर थंड ठेवायला पंख्याचा कूलर घ्यावा की पाणी फिरवणारा लिक्विड, हे मी आठवडाभर तुम्हाला विचारून राह्यलो होतो. आज उत्तर मिळालं.

दुपारी लग्नाचा व्हिडिओ बनवताना माझा कम्प्युटर तापून पुन्हा बंद पडला. नवरी मांडव परतणीला माहेरी आल्ती, उद्या सासरी जाणार. व्हिडिओ आजच द्यायचा होता.

आमच्या मंठा गावात या व्हिडिओच्या धंद्यात माझी चुरस दत्ताभाऊंशी. ऑर्डरींवरून आमचं बोलणंही कमीच. तरी लिक्विड कसं राहील, हे विचारायला त्यांनाच फोन लावला. ते स्वतःच पंख्याचा जुना कूलर घेऊन आले.

"लिक्विड चांगलंच आहे, आवाज न्हाई. पण माझ्या लिक्विडमधला पाण्याचा पंप बंद पडला तेव्हा मला पत्ताच लागला न्हाई. पंखा थांबला की कानाला कळतं," असं म्हणत त्यांनी तो बसवून दिला.

संध्याकाळी व्हिडिओ नवरीच्या हातात दिला. माझं काम बिघडलं असतं तर पुढची ऑर्डर त्यांच्याकडंच गेली असती, हे त्यांनाही माहीत होतं.

आवाज नको म्हणूनच मला लिक्विड पाहिजे होतं. आता हे लिहिताना पंखा घरघरतोय आणि तो आवाज बरा वाटून राह्यलाय.

तुमच्या धंद्यात आहे का असा एखादा दत्ताभाऊ?