यंत्र एकच, चाळण्या वेगळ्या

दोन हजार साल उलटून गेलं होतं. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत मी प्रोग्रामर होते आणि माझी आई त्याच कंपनीच्या शेडमध्ये, बी साफ करायच्या यंत्रावर. मी वर पंख्याखाली, ती खाली धुळीत. वर हे कुणाला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं.

बियाण्याची प्रत ठरवणारा आमचा प्रोग्राम ऑब्जेक्टच्या पद्धतीचा होता. ज्वारीचा एक क्लास, म्हणजे स्वतंत्र साचा, बाजरीचा एक, कपाशीचा एक. पुस्तकातल्या डिझाइन पॅटर्नबरहुकूम. नवं पीक आलं की नवा क्लास. हेच मी फंक्शनल भाषेत, साच्यांऐवजी नुसत्या फंक्शनांनी, थोडक्यात लिहून दाखवते, असं तोऱ्यात बोलून बसले. साहेब म्हणाले, "सोमवारी दाखवा. जमलं नाही तर डेटा एन्ट्रीला बसायचं."

शनिवारपर्यंत मी निव्वळ गाढवपणा केला. एकेका क्लासचं जसंच्या तसं भाषांतर! मूळची बारा पानं, माझी चौदा झाली. स्वतःचाच असा संताप आला, की डबा उचलला आणि कधी नव्हे ती खाली शेडमध्ये गेले.

ज्वारी संपून बाजरी लागणार होती. आईने यंत्र थांबवलं, चाळणी ओढून काढली, हवेचा झोत मारून आतला दाणा न् दाणा उडवला.

"जल्दी कर ना, भूक लागलीय," मी म्हणाले.

"थांब गं. मागचा एक दाणा ऱ्हायला तर पुढचं पोतं वाया जातं."

मग तिने बाजरीची बारीक भोकांची चाळणी आत सरकवली आणि तेच यंत्र सुरू केलं.

मी बघतच राहिले. मी पिकागणिक नवं यंत्र बांधत बसले होते! फंक्शन एकच पुरे होतं. प्रत्येक पिकाचा नियम म्हणजे दुसरं छोटं फंक्शन, ते चाळणीसारखं त्या एका फंक्शनच्या हाती द्यायचं. आणि मागच्या पिकाचं आत काही उरू द्यायचं नाही. डबा आईच्या हातात कोंबून मी वर पळाले.

सोमवारी माझा प्रोग्राम दीड पानाचा होता. साहेबांनी जुने नमुने घालून पाहिले. सगळं बराबर आलं. मग त्यांनी तूर घालायला सांगितली. मी तीन ओळी लिहिल्या, तूरही चालली.

"कुठल्या पुस्तकात मिळालं हे?"

"आईकडून शिकले, साहेब. खाली यंत्रावर असते ती."

साहेब माझ्याबरोबर खाली आले. मी आईला सगळं सांगितलं. तिने तोंडावरचा फडका सोडला.

"एवढ्यासाठी औरंगाबादला शिकाया गेल्तीस व्हय? मला इचारायचं की!"

साहेब पोट धरून हसले. मला मात्र तिच्याबद्दलच्या अभिमानाने रडूच फुटलं, आणि ते धुळीवर ढकलावं असं त्या दिवशी वाटलं नाही.