हळद-चुन्याचा लेप
कूलरची खस पहिल्यांदा भिजली, की त्या वासामागून मला हळद-चुन्याचा वास येतो. बेसा गावातल्या आमच्या घरात, भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी, आईनं खोलीची कडी लावली आणि छातीवरची सुपारीएवढी गाठ मला दाखवली. "कोणाले सांगू नको वं. दुखत तं नाही." मुरगळलेल्या पायाला लावतात तसा हळद-चुन्याचा कोमट लेप मी तिला रोज लावायचे. लेप वाळला, की "गाठ कमी होऊन राहिली," म्हणत ती पापड लाटायला जायची आणि मलाही ते खरं वाटायचं. दिवाळीत तिचा हात वर होईना, तेव्हा बाबांनी दवाखान्यात नेलं. "घरात कोणालाच माहीत नव्हतं?" डॉक्टरीणबाई चिडल्या. मी हळदीनं रंगलेली बोटं ओढणीत लपवली. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोणालेच नाही." आई गेली. बाबांना अजून तेच खरं वाटतं.