चंदेरी वीरांची गल्ली

गरम तिळाच्या तेलाचा वास आला की रियाधच्या जत्रेत उभारलेली, अब्बा-अम्मीबरोबर पाहिलेली जपानी बाजारगल्ली आठवते. दुकानोदुकानी टीव्हीवरच्या जुन्या जपानी मालिकेतल्या चंदेरी वीराचे पुतळे होते. अजान झाली, नमाजापुरती शटरं खाली आली, गल्ली रिकामी झाली. उजेडात फक्त ते पुतळे उरले. नमाज पढून परतलेले अब्बा अम्मीला हळूच म्हणाले, "नवा नियम आलाय, आमच्या चष्म्याच्या दुकानात आता फक्त सौदीच कामाला. माझी नोकरी खलास. तुम्ही रत्नागिरीला जा, मी दुसरं काम बघतो." "आणि पोरीचं शिक्षण?" "ती कॉलेजात जाणारच!" ते हसले, पण माझा हात त्यांनी दुखेपर्यंत दाबला होता. आज मी कॉलेजात आहे. अब्बा अजून तिकडेच आहेत. फोनवर "कुठे राहता?" विचारलं, की भर रात्रीही मागून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत असतो आणि ते माझ्या परीक्षेचं विचारतात.