पाने ५७ ते ९४ – कोरी

आधीच सांगते, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसायलाच वाचत आले. माहेर माझं गुहागरजवळचं. गावात दर पिंपळावर कोणी ना कोणी राहायला असायचंच, आणि आत्या तिन्हीसांजेला विहिरीकडे जाऊ द्यायची नाही. मी मुद्दाम जायचे. काही दिसलं नाही कधी. पुढे एकतीस वर्षं सीबीडी बेलापूरला सरकारी ऑफिसात क्लार्क होते. तिथे कागदावर असेल तेच झालं, नसेल ते झालंच नाही. माझी श्रद्धा म्हणाल तर एवढीच. आणि घोळ झाला तोही कागदावरच...

आमचे हे वाशीला एका खासगी कंपनीत प्रोग्राम लिहायचे. आम्हाला मूलबाळ नाही. बेलापूरच्या फ्लॅटमध्ये दोघंच. संध्याकाळी मी लसूण सोलत दिवसभराचं सांगायचे – साहेब काय बोलले, कोणाची बदली झाली, भाजीवाला कसा वाकडा बोलला. हे समोर लॅपटॉप उघडून. "हं." मी विचारायचे, "अहो, ऐकताय का?" – "हं." – "मग मी काय म्हटलं सांगा बरं?" – "हं." कधी कधी इतका संताप यायचा की वाटायचं, भिंतीशी बोललेलं बरं, ती निदान टकटक तरी करत नाही.

मागच्या वर्षी गणपती गेल्यावर हे गेले. हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी म्हणाले, "शीला, मी लॅपटॉपवर रोज एक ओळ लिहून ठेवलीय. तू सांगायचीस त्यातलीच. कसं उघडायचं ते वहीत आहे." मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतायत. म्हटलं, घरी गेल्यावर बघू. घरी मी एकटीच आले.

वही मिळाली त्यांच्या कपाटात. पेन्सिलीनं लिहिलेली, सगळं आकडे टाकून – आधी हे कर, मग ते कर. माझं नाव कुठे नाही. मी काय केलं, तर सवयीप्रमाणे त्या वहीची फाइल केली! ऑफिसात कुठलाही कागद हातात आला की आधी पानांना नंबर घालायचे, मग सूची. मी लाल पेनानं १ ते ९४ नंबर घातले. पहिल्या पुठ्ठ्याच्या आत सूची लिहिली, कुठल्या पानावर काय. शेवटची ओळ – "पाने ५७ ते ९४ – कोरी." खाली सही. कोऱ्या पानांवर तिरकी रेघ मारायची पद्धत असते, मागाहून कोणी काही घुसडू नये म्हणून. तेवढी रेघ मात्र माझ्या हातून मारवेना. वाटलं, मारली की संपलंच सगळं.

पुढे यांचा जुना लॅपटॉपही बंद पडला. वाशीच्या दुकानदारानं त्यातलं सगळं पेन ड्राइव्हवर काढून दिलं, आणि मी नवा घेतला. सुरू करताना लॅपटॉपनं नाव विचारलं, मी ऐटीत मराठीत टाइप केलं – शीला. एकतीस वर्षं मराठीतून टिपणी लिहिलेली बाई मी, स्वतःच्या यंत्रावर इंग्रजी नाव कशाला घालू?

वरच्या मजल्यावरची रोहिणी कॉम्प्युटरमध्येच नोकरी करते. जासईची, आगरी. गोड पोरगी, पण जीभ माझ्यासारखीच. एका रविवारी येऊन तिनं पेन ड्राइव्हवरचं सगळं नव्यात टाकलं आणि मला समजावलं, "काकू, डेटाबेस म्हंजे कपाट, काकांच्या ओळी त्यात. काकांचा प्रोग्राम म्हंजे कपाट उघडनारा मानूस. मधी चावी लागते, ती ही कनेक्टर लायब्ररी. एक मिनिटाचं काम हाय, टेन्शन नका घेऊ."

एक मिनिटाचा एक तास झाला. ती चावी काही बसेना, दर वेळी लाल अक्षरांचा ढीग आणि शेवटी फेल. रोहिणी वैतागली. "असं कसं करतंय ओ हे? माझ्या मशीनवर तर लगेच बसतं." तिच्या बहिणीची हळद होती, जासईला जायचं होतं. म्हणाली, "आठ दिवसांत येते, मग बघू. तुमी हात नका लावू हां."

मी हात लावला. लावल्याशिवाय कशी राहणार? दुकानात नेऊन चालू करून घेता आलं असतं. पण त्या ओळी परक्या माणसानं माझ्याआधी वाचायच्या, हे मला नको होतं. आणि खरं सांगू? मला भीती होती. आत काहीच नसलं तर? मला एवढंच बघायचं होतं की हा माणूस ऐकत होता की नाही. बाकी या वयात मला काय हवंय?

रोज जेवण झालं की बसायचे. वहीतली कमांड अक्षर न् अक्षर टाइप करायची. फेल. इंटरनेटवर शोधलं, कोणी म्हणे अमुक टाका, कोणी म्हणे तमुक काढा. सगळं केलं, यांचा प्रोग्राम ज्यात लिहिलाय ते पायथनसुद्धा काढून परत टाकलं. फेल. दुपारी आमच्या बिल्डिंगमध्ये इतकं शांत असतं की फ्रिज थांबला तर दचकायला होतं. त्या लाल अक्षरांत एका जागी माझं नाव यायला हवं होतं, तिथे चार प्रश्नचिन्हं यायची. ???? मी म्हणायचे, बरोबर आहे बाबा, मलाही तोच प्रश्न पडलाय हल्ली.

सहाव्या दिवशी दुपारी रडूच आलं. मोठ्यानं म्हटलं, "आयुष्यभर हं, हं केलंत, आता निदान हे तरी नीट सांगून जायचं होतंत!" मग डोळे पुसले, चहा ठेवला. ऑफिसात गाडं अडलं की आम्ही एकच करायचो – फाइल पहिल्या पानापासून परत वाचायची, सूची शेजारी धरून. तशीच वही घेतली. पान एक, दोन... छप्पन्न. पुढे कोरीच, हे मला माहीत. तरी पद्धत म्हणजे पद्धत, पान उलटलं.

सत्तावन्न नंबरच्या पानावर लिहिलेलं होतं.

पेन्सिलीनं. यांचंच अक्षर, तो 'र' वरून सुरू न करता खालून काढायची खोड धरून. चारच ओळी –

"अगं, नाव मराठीत दिलंयस ना? म्हणून अडतंय.
नवा युजर कर, इंग्रजीत – sheela. जुना राहू दे.
नव्यात जाऊन कमांड परत दे.
बसेल."

वर कोपऱ्यात माझ्या हातचा लाल नंबर, ५७. पुठ्ठ्यावर माझ्या हातची सूची, ५७ ते ९४ – कोरी. मी दोन्हीकडे आळीपाळीनं किती वेळ बघत होते कोण जाणे, चहा उतू जाऊन गॅस विझला तेव्हा भानावर आले. गॅस बंद करून आले आणि अक्षरावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

घाबरले का? नाही हो. रागच आला आधी. आयुष्यात पहिल्यांदा धड उत्तर दिलं, ते आत्ता!

सांगितलं तसं केलं. नवा युजर, sheela. कमांड दिली. पांढरी अक्षरं सरसर वर गेली आणि शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, सक्सेसफुली इन्स्टॉल्ड. मग यांचा प्रोग्राम चालवला. काळ्या पडद्यावर तारीख आणि ओळ, तारीख आणि ओळ, खाली खाली येतच राहिल्या.

"शीलाच्या टेबलावरचा पंखा परत बंद. साहेबांशी भांडली. बरं केलं."

"बदलीची ऑर्डर तिच्या मैत्रिणीची निघाली. शीला जेवली नाही नीट."

"भाजीवाल्याची नक्कल केली. हसू आलं, दाबलं. हसलो असतो तर गप्प झाली असती."

"भरली वांगी. कशी झालीत विचारलं. हं म्हणालो. फार छान झाली होती."

मी त्या रिकाम्या घरात ओरडले, "अहो, मग तेव्हा बोलायला काय झालं होतं!" आणि इतकी रडले... हे गेले तेव्हाही नव्हते रडले तशी. ऐकत होते. सगळं ऐकत होते हो.

रोहिणी हळदीहून परत आली तेव्हा तिला वही दाखवली. तिनं पान उजेडात धरलं, उलटं केलं, सूची वाचली. म्हणाली, "काकू, तुमीच सूची करताना चुकून कोरं लिहिलं असल. काकांनी आधीच लिहून ठेवलं असल. तुमी मराठीतच नाव टाकनार हे त्यांना ठाव नसल का?"

असेलही. पण नवा लॅपटॉप मी घेणार, हे कसं ठाऊक होतं? जुना चालत होता तेव्हा. आणि "दिलंयस ना" असं लिहिलंय, "देऊ नकोस" नाही. शिवाय एकतीस वर्षांत माझी सूची एकदाही चुकलेली नाही, ऑडिटवाले हात टेकून गेलेत. मी असं म्हटल्यावर रोहिणीनं वही मिटून माझ्या हातात दिली. हळूच म्हणाली, "पन काकू, भारी वाटतंय ना?" मग दोघींसाठी तिनंच चहा केला.

तेव्हा माझ्याकडे एक्स्प्लनेशन मागू नका, नाहीये. चूक झाली असेल तर सूचीवर एक रेघ ओढून, शेजारी सही करून दुरुस्त करायची असते. मी केलेली नाही. कोरं होतं ते मी कोरंच लिहिलं, त्यावर माझी सही आहे.

आता ५८ ते ९४ उरली आहेत. तिरकी रेघ अजून मारलेली नाही, मारणारही नाही. दुपारचा चहा झाला की दिवसभरात काय झालं ते मोठ्यानं सांगते, आणि मग एकेक पान उलटून बघते.